डिझेलवर कर की सोलरवर अनुदान? आधी विचारू, पैसा कुणाचा जातो आणि कुणाला मिळतो



बंदीचे दोन महिने म्हणजे संस्थेच्या ऑफिसात गर्दी. 1 जून ते 31 जुलै बोटी वर काढलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली, बाहेर पाऊस, आणि दुपारच्या चहाला बाकावर बसायला जागा नाही. अशाच एका दुपारी आमच्याकडे वाद पेटला. एका ट्रॉलरमालकाने मोबाईलवर कुठेतरी वाचले होते की जगात डिझेल-पेट्रोलवर ‘कार्बन कर’ लावतात. तो म्हणाला, “आणखी एक कर? मग बोट विकून मोकळा होतो मी.”

कोपऱ्यात बसलेल्या एका ज्येष्ठ रापणकारांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, “अरे बाबा, धूर तुझ्या इंजिनाचा, आणि डिझेलची सूटही तुलाच. आमची रापण वल्ह्यांवर चालली. वल्ह्याला कुणी सबसिडी दिली रे?”

सगळे गप्प. तेवढ्यात दारात टोपली घेऊन उभ्या असलेल्या मासळी विकणाऱ्या एका बाईंनी विचारले, “ते तुमचं डिझेल राहू दे. माझ्या बर्फाचं कोण बोलतो?”

त्या दिवशी कुणाचेच समाधान झाले नाही, आमचेही नाही. कारण खरे सांगायचे तर गेल्या वर्षी सरकारला दिलेले निवेदन आम्हीच टाइप केले होते, आणि त्यात एकच मागणी होती: डिझेलवरची सूट लिटरमागे वाढवून द्या. रापणकाराचा त्यात शब्द नव्हता, बर्फाचाही नव्हता. आता सर्वसाधारण सभा जवळ आलीय आणि नवे निवेदन तयार करायचे आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण वाचा. सभेत हात वर करायच्या आधी वाचलेले बरे.

हा प्रश्न आपल्याला कशाला?

धुराचा आणि समुद्राचा संबंध आता कुणाला पटवून द्यावा लागत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात, ‘क्यार’ वादळ आले आणि बोटी बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, झाडे पडली, वीज गेली, फ्रीझरमधला माल खराब झाला. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि जोरदार वादळे वाढली आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. समुद्र बिघडला तर पहिला फटका आपल्याला. म्हणजे धूर कमी व्हावा ही आपलीही गरज आहे. प्रश्न एवढाच, की तो कमी करण्याचा खर्च कोण भरणार.

जगात त्यासाठी दोन मोठे रस्ते आहेत. पहिला, जो धूर सोडतो त्याच्याकडून पैसे घ्या, म्हणजे तो आपोआप कमी सोडेल. हा कार्बन कर. दुसरा, जो स्वच्छ वस्तू वापरतो त्याला पैसे द्या, म्हणजे जास्त लोक तिकडे वळतील. हे अनुदान. एकात काठी, दुसऱ्यात गूळ.

काठीचा हिशोब

एक लिटर डिझेल जाळले की साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा उद्या टनाला 1,000 रुपये कार्बन कर लागला, तर लिटरमागे 2 रुपये 68 पैसे वाढतील. एका फेरीला 300 लिटर डिझेल लागणाऱ्या ट्रॉलरला फेरीमागे 804 रुपये. दिवसाला 10 लिटर पेट्रोल लागणाऱ्या होडीच्या मशीनला साधारण 23 रुपये, कारण पेट्रोलच्या लिटरला 2.3 किलोच्या आसपास निघतो. वल्ह्यावरच्या रापणीला शून्य. म्हणजे जास्त धूर, जास्त पैसे. ऐकायला न्याय्य वाटते.

पण कर लावला म्हणून धूर कमी होतोच असे नाही. तो कधी होतो, हे स्वीडनमध्ये दिसले. त्या देशाने 1991 मध्ये कार्बन कर लावला आणि पुढे तो वाढवत नेला. तिथे थंडीत घरे गरम करायला लोक तेल जाळत. पण शहरातून गरम पाण्याचे पाइप टाकून घरोघरी उष्णता पुरवणारी व्यवस्था तिथे आधीपासून होती, आणि जंगलातला लाकडाचा भुसा-तुकडे भरपूर. तेल महाग झाल्यावर लोकांना लगेच दुसरीकडे वळता आले. करामुळे धूर घटला, कारण हाताशी पर्याय होता.

आता आपल्या ट्रॉलरला हाताशी काय आहे? केरळात वेंबनाड तळ्यावर वैकम ते तवणक्कडव या मार्गावर 2017 पासून ‘आदित्य’ नावाची सोलरवर चालणारी 75 प्रवाशांची फेरीबोट आहे. छान चालते. पण ती थोडा पल्ला, ठरलेला मार्ग, शांत पाणी अशी चालते. आपली गोष्ट वेगळी. 300 लिटर डिझेल इंजिनातून जेवढे काम काढते, तेवढे काम बॅटरीतून काढायचे तर बॅटरीचेच वजन सहा-सात टनांवर जाईल. मग जाळे कुठे ठेवणार आणि मासळी कुठे? तेव्हा आज खोल पाण्यात जाणाऱ्या बोटीवर कार्बन कर म्हणजे नुसताच कर. तांडेल डिझेल तेवढेच जाळणार, फक्त फेरीच्या शेवटी खलाशांच्या वाट्यात कमी पडणार.

म्हणूनच युरोपियन युनियनने 2003 च्या आपल्या ऊर्जा कराच्या नियमात मासेमारी बोटींच्या इंधनाला माफी ठेवली. शेजारच्या नॉर्वेने मात्र वेगळे केले. तिथे 1991 पासून कार्बन कर आहे, पण मच्छीमारांना त्याचा परतावा मिळायचा. 2020 पासून परतावा बंद करून कर लागू केला आणि सोबत भरपाईची योजना आणली. म्हणजे ज्यांनी मच्छीमारांवर कर लावला, त्यांनासुद्धा तो नुसता लावून चालले नाही.

पैसा परत दिला तरी लोक रागावले

कॅनडाची गोष्ट आपल्या पुढाऱ्यांनी वाचण्यासारखी आहे. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1 जुलै 2008 ला टनाला 10 डॉलर कर सुरू केला, 2012 पर्यंत 30 डॉलर केला, आणि त्या बदल्यात लोकांचा प्राप्तिकर कमी केला. करामुळे तिथला धूर 5 ते 15 टक्क्यांनी कमी राहिला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग 2019 पासून केंद्र सरकारने ज्या प्रांतांत असा कर नव्हता तिथे इंधनावर कर लावला, आणि जमलेल्या पैशातला सुमारे 90 टक्के भाग कुटुंबांना परत दिला. कमी इंधन जाळणाऱ्या बऱ्याच कुटुंबांना भरला त्यापेक्षा जास्त परत मिळत होता.

तरीही तो कर टिकला नाही. 1 एप्रिल 2025 पासून सामान्य ग्राहकांवरचा हा कर बंद झाला, ब्रिटिश कोलंबियातलाही. मोठ्या कारखान्यांवरचा तेवढा राहिला. कारण काय? पंपावर दर रोज दिसतो, टोचतो. परताव्याचे पैसे मात्र तीन महिन्यांनी एकदा गुपचूप खात्यात येतात, त्यातल्या कित्येकांना ते कशाचे हेही ठाऊक नसते. आपल्याकडे वेगळे काय झाले असते?

आपल्या देशात कार्बन कर होता, आपल्याला कळलाच नाही

नाव वेगळे होते, म्हणून कळला नाही. 1 जुलै 2010 पासून कोळशावर टनाला 50 रुपये ‘स्वच्छ ऊर्जा सेस’ लागला. 2014 मध्ये 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. कोळसा जाळला की एका टनाला अंदाजे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे धुराच्या टनाला अडीचशे रुपयांच्या वर थोडा कर. हा पैसा सोलर, पवनचक्की अशा कामांसाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. कोळशाकडून घ्यायचे आणि सोलरला द्यायचे. काठी आणि गूळ एकाच हातात. कल्पना उत्तम.

झाले काय? 2010-11 ते 2017-18 या वर्षांत सुमारे 86,440 कोटी रुपये जमले. त्यातले निधीत गेले सुमारे 29,650 कोटी. त्यातून प्रकल्पांवर प्रत्यक्ष खर्च झाले सुमारे 15,900 कोटी. 100 रुपये जमले त्यातले 18-19 रुपये कामाला लागले. 2017 ला जीएसटी आला, सेसचे नाव बदलले, आणि तो पैसा राज्यांची जीएसटीची भरपाई द्यायला वळवला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो सेसही उठवला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला. मुरगाव बंदरात कोळसा उतरताना आपण सगळेच बघतो. त्या कोळशावर स्वच्छतेच्या नावाने एवढी वर्षे पैसे जमत होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होते?

आता डिझेल बघा. मे 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, केंद्राने डिझेलवरचा कर एका रात्रीत लिटरला 13 रुपयांनी वाढवला. तेव्हा कच्चे तेल पडले होते म्हणून पंपावरचा दर त्या दिवशी वाढला नाही, पण तेल स्वस्त झाल्याचा फायदाही आपल्यापर्यंत आला नाही. 13 रुपये लिटर म्हणजे धुराच्या टनाला साधारण 4,850 रुपये. कोळशाला अडीचशे, डिझेलला एका वाढीतच 4,850! आणि त्या 13 पैकी 8 रुपये होते रस्ते व पायाभूत सुविधा सेस. समुद्रात कुठला आला रस्ता? पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये 10 आणि मे 2022 मध्ये 6 रुपये कमी केले, हेही सांगायला हवे. पण मुद्दा राहतोच. डिझेल जाळणारा माणूस नावाशिवायचा कार्बन कर कधीपासून भरतोय, आणि तो पैसा समुद्राच्या भल्याला लागतोय असे काही दिसत नाही.

तेव्हा उद्या कुणी कार्बन कर आणला, तर आपण “नको” एवढेच ओरडण्यापेक्षा विचारायला हवे: जमलेला पैसा कुठल्या खात्यात, कोण बघणार, आणि आमच्याकडे परत कधी?

गुळाचीही गोष्ट ऐका

मग अनुदानच बरे, असे वाटेल. अनुदानाचे एक मोठे पुण्य आहे. जर्मनीने 2000 साली कायदा केला की सोलरची वीज ठरलेल्या चढ्या दराने 20 वर्षे विकत घेऊ. त्याचा बोजा तिथल्या ग्राहकांनी वर्षानुवर्षे वीजबिलातून सोसला. मागणी वाढली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले, आणि 2010 ते 2020 या दहा वर्षांत सोलरच्या विजेचा खर्च जगभर 80 टक्क्यांहून जास्त उतरला. जर्मनीतल्या म्हाताऱ्या आजीने बिल भरले, आणि पॅनेल स्वस्तात मिळाले आपल्याला. कराने असे होत नाही. कर फक्त जुने महाग करतो. नवे स्वस्त व्हायला कुणीतरी आधी महागात घ्यावे लागते.

आपल्या देशातले उदाहरण एलईडी बल्बचे. एलईडी म्हटल्यावर आपल्या लोकांचे कान टवकारतात ते आम्हाला माहीत आहे. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे, इथे विषय घरातल्या बल्बचा आहे. 2014 मध्ये सरकारी कंपनीला एक बल्ब 310 रुपयांना पडत होता. ‘उजाला’ योजनेत कोट्यवधी बल्बची एकदम खरेदी केली, आणि 2016 पर्यंत तोच बल्ब 38 रुपयांवर आला. बल्बमागे सरकारने खिशातून अनुदान दिले नव्हते. सगळ्यांची मागणी एकत्र केली, बस्स. हे वाचताना आम्हाला हसू आले. अहो, ही तर सहकारी संस्थेची पद्धत. एकट्याने दोरखंड घेतला तर एक भाव, संस्थेने शंभर जणांसाठी घेतला तर दुसरा.

पण अनुदानाचे दोन रोग आहेत.

पहिला रोग असा की ते ज्याच्याकडे कागद त्याला मिळते. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घराच्या छपरावर 1 किलोवॉट सोलरला 30,000, 2 किलोवॉटला 60,000, आणि 3 किंवा त्याहून जास्तीला 78,000 रुपये अनुदान. देशभर 1 कोटी घरांचे लक्ष्य, 75,021 कोटींची तरतूद. योजना चांगली आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर घ्या. पण अट अशी की घर स्वतःचे हवे, छप्पर पॅनेल बसण्याजोगे हवे, वीजजोडणी हवी. आता आपल्या वाड्यावर चक्कर मारा. कितीतरी घरे मुंडकारीतली, जमिनीचा कागद अजून भाटकाराच्या नावावर. छपरावर कौले. वीजमीटर आजोबांच्या नावावर, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली. अनुदान दिल्लीहून निघते आणि वाड्याच्या तोंडाशी कागद मागून थांबते. मागे पक्के घर, स्लॅब आणि नावावर कागद असलेल्याकडे ते सरळ पोचते.

त्यात गोव्यात घरगुती विजेचा दर शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा कमी. ते आपल्या सोयीचेच आहे, पण त्यामुळे पॅनेलचे पैसे वसूल व्हायला इथे जास्त वर्षे लागतात, हेही लक्षात घ्या.

दुसरा रोग असा की सरकार बदलले की अनुदान बदलते. अमेरिकेत ऑगस्ट 2022 मध्ये स्वच्छ ऊर्जेला भरघोस करसवलती देणारा कायदा झाला. कार्बन कर लावणे तिथे राजकारण्यांना झेपणार नव्हते, म्हणून त्यांनी गूळच वाटायचे ठरवले. जुलै 2025 मध्ये नव्या सरकारने कायदा करून त्यातल्या बऱ्याच सवलती कापल्या. नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची 7,500 डॉलरपर्यंतची सवलत 30 सप्टेंबर 2025 नंतर बंद. कॅनडात काठी मोडली, अमेरिकेत गूळ संपला. दोन्ही एकाच वर्षात.

आता आपल्या घरातले बोलू

वर लिहिले ते जगाचे. आता त्या रापणकारांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे.

आपण लिटरमागे सूट मागतो. समजा लिटरला 10 रुपये मिळाले. 300 लिटरच्या ट्रॉलरला फेरीमागे 3,000 रुपये. 10 लिटरच्या होडीला 100 रुपये. वल्ह्यावरच्या रापणीला शून्य. मासळी विकणाऱ्या बाईंना शून्य. हा पैसा माणसाच्या मागे जात नाही, डिझेलच्या मागे जातो. जो जास्त जाळेल त्याला जास्त. म्हणजे आपण सरकारकडे जे मागतोय तो कार्बन कराच्या बरोबर उलटा प्रकार आहे. धुराला बक्षीस.

हे लिहिताना आम्हाला ट्रॉलरमालकांची बाजू माहीत आहे. फेरीच्या खर्चात निम्म्याच्या आसपास एकटे डिझेल जाते. बँकेचा हप्ता, खलाशांचा पगार, बर्फ, आणि मासळी मिळेलच याची खात्री नाही. सूट उद्या काढून घेतली तर काही बोटी बांधूनच ठेवाव्या लागतील. ट्रॉलर हा काही चोर नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे भारतात एक टन मासळी आणायला सरासरी 1.32 टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी 2 टनांच्या वर आहे. आपण जगापेक्षा कमी धुरात मासळी आणतो, हे अभिमानाने सांगा.

पण जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या अनुदानांवर चर्चा सुरूच आहे. पहिला करार जून 2022 मध्ये झाला आणि 15 सप्टेंबर 2025 पासून अमलात आला. त्यात बेकायदा मासेमारीच्या अनुदानावर बंदी आहे. जास्त बोटी आणि जास्त मासेमारीला बळ देणाऱ्या अनुदानांचा, म्हणजे इंधनाचाही, प्रश्न पुढच्या चर्चेत आहे. भारताने आपल्यासारख्या देशांसाठी 25 वर्षांची मुदत मागितली आहे. मुदत मिळाली तरी ती कधीतरी संपणारच. सगळी अंडी लिटरच्या टोपलीत ठेवून बसलो, तर त्या दिवशी हात रिकामे राहतील.

मग करायचे काय?

आमच्या मते कर की अनुदान, हा प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न: इथे दुसरा पर्याय हाताशी आहे का?

जिथे पर्याय आहे तिथून सुरुवात करू. आपल्याकडे तो बर्फाच्या फॅक्टरीत आहे. कॉम्प्रेसरच्या विजेचे बिल हा संस्थेचा मोठा खर्च, आणि बर्फ महागला की आधी पोळतात त्या मासळी विकणाऱ्या बाया. सोलर दिवसा वीज देते, रात्री देत नाही, म्हणून बॅटरी लागते असे म्हणतात. पण दुपारच्या उन्हात बर्फ करून ठेवला तर तो पहाटेपर्यंत टिकतो. बर्फ हीच आपली बॅटरी! आणि जून-जुलैत ऊन नसते, तेव्हा बंदीमुळे बर्फाची मागणीही नसते. देवाने जणू वेळापत्रक जुळवून दिलेय. अडचणी आहेत. खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडे गंजतात, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले किंवा अॅल्युमिनियमचे लागतील, पॅनेल धुवावे लागतील. आणि सूर्यघरचे अनुदान घरांना आहे, फॅक्टरीला नाही. म्हणूनच निवेदनात ते मागायला हवे.

जिथे पर्याय नाही, म्हणजे खोल समुद्रातल्या इंजिनात, तिथे डिझेल वाचवणे हाच पर्याय. एक साधा हिशोब तांडेलांसाठी. बोटीला पाण्यात ओढायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. जाळे टाकायच्या जागेपर्यंत 9 ऐवजी 8 नॉटने गेलात, तर तोच पल्ला कापायला डिझेल सुमारे एक पंचमांश कमी लागते. वेळ किती जास्त? तासाच्या वाटेला साडेसात मिनिटे. परतताना लिलावाची घाई असते हे मान्य, पण जाताना कसली घाई? त्यात बंदीच्या काळात बुडाचे शिंपले-काकवे नीट खरवडले, पंख्याची पाती सरळ केली, इंजेक्टर तपासले, तर आणखी वाचते. सरकारने सूट दिली किंवा नाही दिली, हा पैसा आपलाच.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन ठराव ठेवतोय.

एक. डिझेलवर आज जी सूट आहे ती काढा असे आम्ही म्हणत नाही. पण वाढीव मागणी लिटरवर नको. तो पैसा बर्फाच्या फॅक्टरीवरच्या सोलरला, बंदीच्या काळातल्या इंजिन-दुरुस्तीला, होडीवाल्यांना आणि रापणकारांना ठरावीक रकमेत, आणि मासळी विकणाऱ्या महिलांना चांगल्या बर्फपेट्यांसाठी मागू.

दोन. ज्यांची घरे सूर्यघरच्या अटीत बसतात त्यांची यादी करून पॅनेलसाठी संस्थेमार्फत एकत्र दर मागवू. ज्यांचा मीटर आजोबांच्या नावावर आहे किंवा मुंडकारीचा प्रश्न आहे, त्यांनी कागद घेऊन दर बुधवारी ऑफिसात या. अर्ज भरायला आम्ही बसतो.

तीन. उद्या मासेमारीच्या इंधनावर कार्बन कर आलाच, तर आपली अट आधीच लिहून ठेवू: पर्याय मिळेपर्यंत लहान बोटींना माफी, आणि जमलेला पैसा वेगळ्या खात्यात, किनाऱ्यावरच खर्च. कोळशाच्या सेसचे झाले ते पुन्हा नको.

पहिल्या ठरावावर भांडण होणार, आम्हाला कल्पना आहे. काही ट्रॉलरमालकांनी आत्ताच फोन करून “सचिव, तुम्ही कुणाच्या बाजूचे?” असे विचारले. त्यांना सांगितले तेच इथे लिहितो. संस्थेच्या रजिस्टरमध्ये 40 फुटी बोटीचा मालक आणि रापणीचा दोर ओढणारा, दोघांच्या नावापुढे एकच शेअर आणि एकच मत आहे. निवेदनही त्या रजिस्टरसारखेच असायला हवे.

त्या ज्येष्ठ रापणकारांनी नंतर जाता जाता एवढेच म्हटले, “वल्ह्याला सबसिडी नको रे मला. पण कागदावर माझी रापण दिसू दे.” यंदाच्या निवेदनात ती दिसेल. बर्फही दिसेल.

सभा नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी 10 वाजता, लिलाव शेडमध्ये. बोटी बंदरात बांधून या, घरातल्या बायांनाही सोबत आणा. ज्यांना ठरावात बदल सुचवायचा आहे त्यांनी लेखी द्या, किंवा ऑफिसात येऊन सांगा, आम्ही लिहून घेतो.

आपला,
सचिव